गोळी आठव्या दिवशी का बंद होते?

झोप उडाली, भूक मेली, की आपण फॅमिली डॉक्टरांकडून टॉनिक आणतो. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं, की घरात कुजबुज : 'मुलीचं लग्न व्हायचंय अजून!' कसेबसे गेलोच, तर पुढची अडचण. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड मात्र पहिल्याच आठवड्यात. मग आठव्या दिवशी आपणच निकाल देतो, 'काही उपयोग नाही.' वर सवय लागण्याची धास्ती. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. फक्त त्या एकदम सोडायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि दवाखान्याची पायरी चढवतच नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. फुकट, आणि रात्री दोन वाजतासुद्धा.