न दिसणारी ठिणगी

वैशाख सरत आला की शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या आकाशात ढग जमू लागतात. माहुलीच्या सुळक्यांमागे आणि माळशेज घाटाच्या माथ्यावर वीज चमकते, गडगडाट होतो आणि शेतात गेलेली माणसे लगबगीने घराकडे वळतात. या विजेचे सामर्थ्य सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचे एक धाकटे भावंड कित्येकदा माणसाच्या अंगावरच मुक्कामास असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. ते गर्जत नाही आणि बहुधा चमकतही नाही. तरी शाळेतील संगणक ते एका क्षणात निकामी करू शकते. या भावंडाचे नाव स्थितिक विद्युत.

कोरड्या केसांतून प्लॅस्टिकची फणी पाच-सहा वेळा फिरवावी आणि ती कागदाच्या कपट्यांजवळ न्यावी. कपटे टुणकन उडी घेऊन फणीस चिकटतात. प्राचीन ग्रीक लोकांनी अंबर घासून असाच चमत्कार पाहिला होता. अंबर म्हणजे फार पुरातन वृक्षांची, काळाच्या ओघात दगडासारखी घट्ट झालेली राळ. ग्रीक भाषेत तिला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. पुढे शास्त्रज्ञांनी अणूतील ऋणप्रभारित सूक्ष्म कणास तेच नाव दिले. दोन पदार्थ एकमेकांवर घासले असता एकावरील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. त्यांना परतण्यास वाट न मिळाल्यास ते तेथेच साचून राहतात. म्हणून ही विद्युत ‘स्थितिक’ होय.

पावसाळ्यात या दोन्ही तालुक्यांत हवा इतकी दमट असते की प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा अतिशय पातळ थर बसतो. त्या थरातून साचलेला प्रभार हळूहळू निघून जातो. पौष-माघातील दुपारी हवा कोरडी असते, तेव्हा मात्र ही वाट बंद होते. नायलॉनचा सदरा किंवा लोकरीचा स्वेटर अंगातून काढताना चटचट आवाज होतो, तो यामुळेच. अनवाणी पायांनी दगडी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा प्रभार जमिनीत उतरतो. रबरी चपला घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठणाऱ्याच्या अंगावर तो टिकून राहतो.

अशा माणसाने दाराच्या कडीस हात लावला की त्याच्या बोटास क्वचित चटका बसतो. हा चटका जाणवण्यासाठी विजेचा दाब सुमारे ३००० व्होल्ट असावा लागतो. घरातील विजेचा दाब केवळ २३० व्होल्ट असूनही तिच्या धक्क्याने प्राण जाऊ शकतात. मग ३००० व्होल्टने माणसास इजा का होत नाही? माहुलीच्या कड्यावरून पडणारा पाण्याचा थेंब फार उंचावरून येतो, पण त्याने कोणी वाहून जात नाही. भातसा धरणातून सुटलेला लोट त्याहून कमी उंचीवरून येतो, परंतु त्यापुढे मोठी झाडेही टिकत नाहीत. दाब म्हणजे उंची आणि प्रभार म्हणजे पाणी, असे समजावे. अंगावरील विजेची उंची मोठी असली, तरी तिचे पाणी थेंबभरच असते.

मात्र जो थेंब माणसास कळतही नाही, तोच मुंगीचे घर वाहून नेतो. संगणकातील चिपांचे असेच आहे. नखाएवढ्या चिपेवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांतील विद्युतरोधक थर काही नॅनोमीटर जाडीचे असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर! चिपांचे काही प्रकार १०० व्होल्टहूनही कमी दाबाने बिघडतात. म्हणजे माणसाच्या बोटास काहीही जाणवले नाही, तरी त्या बोटाखाली चिप जळालेली असू शकते.

समजा, या भागातील एखाद्या शाळेत संगणकाची स्मृतिपट्टी बदलावयाची आहे. कोणी घाईने झाकण उघडतो, नव्या पट्टीच्या सोनेरी कडेस बोट लावतो आणि ती बसवितो. संगणक सुरूही होतो. परंतु आतील एखादा थर अर्धवट भाजलेला असतो. काही दिवसांनी संगणक मध्येच थांबू लागतो आणि अखेर बंद पडतो. तेव्हा दोष धुळीस, उंदरांस किंवा वीजपुरवठ्यास दिला जातो. खरे कारण कोणाच्या मनातही येत नाही. शाळेत तेवढा एकच संगणक असेल, तर साऱ्या वर्गाचा अभ्यास अडून राहतो.

हे नुकसान टाळणे अवघड नाही. झाकण बंद असताना संगणक बराच सुरक्षित असतो. तो उघडताना खरी काळजी घ्यावी लागते. प्रथम संगणक बंद करून त्याची वीजजोडणी काढावी. मग आतील कोणत्याही भागास हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग न दिलेल्या धातूस स्पर्श करावा व काम करताना तो अधूनमधून पुन्हा करावा. त्यामुळे शरीर आणि पेटी यांच्या प्रभारांतील फरक नाहीसा होतो. पट्टी कडेने धरावी आणि बसवीपर्यंत ती रुपेरी पिशवीतच ठेवावी; ही पिशवी प्रभार साचू देत नाही. तंत्रज्ञ मनगटास एक पट्टा बांधतात. त्याची तार जमिनीशी जोडलेली असते आणि अंगावरील प्रभार तिच्यातून सावकाश निघून जातो. मुलांनी हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. वीजपुरवठा करणारी आतील पेटी तर कधीच उघडू नये. जोडणी काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठून राहिलेली असू शकते.

माहुलीवर वीज कडाडली की माणूस आपोआप सावध होतो. संगणकाचे झाकण उघडताना डोळे किंवा कान असा इशारा देत नाहीत. तेथे माणसास सावध करते ते त्याचे ज्ञान.