'लग्नगडी' म्हणजे कोण?

मैत्रिणींनो, गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आम्ही गटात वाचतोय. त्यात 'लग्नगडी' शब्द येतो. ऐकायला लग्नघरातलाच वाटतो! पण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास कळला की बोचतो. वारली तरुण लग्नासाठी सावकाराचं कर्ज घ्यायचा. मग नवराबायको दोघं त्याच्याकडे राबायची. कर्ज फिटायचं कुठे? नवऱ्याने घेतलेलं, पण बायकोही त्यात बांधलेली.

जानेवारी १९४५मध्ये आपल्या कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातले वारली तिथे आले. मे महिन्यात झरीच्या सभेत त्यांनी ठरवलं, यापुढे वेठ, म्हणजे फुकटची राबणूक, करायची नाही. पुस्तक आलं १९७०मध्ये. ही सालं आधी वहीत लिहा, मग 'लग्नगडी'चं पान मोठ्याने वाचा.