धबधब्याची वाट आणि परतीची वेळ

दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होते, लाभपंचमीला व्यवहार सुरू होतात आणि पुढच्या काही दिवसांत घराघरांत सहलीचा विषय निघतो. मुलांना पाणी हवे असते, तरुणांना थोडे साहस, तर वडीलधाऱ्यांना गुडघ्यांना झेपेल एवढेच चालणे. या तिन्ही अपेक्षा एकत्र पूर्ण करणाऱ्या ज्या मोजक्या जागा आहेत, त्यांत गोव्याच्या पूर्व सीमेवरील तांबडी सुर्ला ही एक होय.

हा परिसर भगवान महावीर अभयारण्य आणि त्याला लागून असलेले मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या रानाचा आहे. दोहोंचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २४० चौरस किलोमीटर भरते. तीर्थंकरांचे नाव लाभलेल्या या वनात गवे आणि शेकरू निर्भयपणे वावरतात. बेळगावहून खानापूर, रामनगर आणि अनमोड घाटमार्गे मोले येथे उतरता येते. तेथून पुढे तांबडी सुर्ला येथे नदीकाठी काळ्या दगडातील कदंबकालीन महादेव मंदिर उभे आहे. धबधब्याची पायवाट या मंदिराच्या परिसरातूनच रानात शिरते.

वाट फार लांब नाही. सवयीच्या पावलांना सुमारे एक तास पुरतो. मात्र ती ओढ्याच्या संगतीने जाते आणि काही ठिकाणी दगडगोट्यांवरून जावे लागते. म्हणूनच येथे ऋतूची निवड सर्वांत महत्त्वाची ठरते. जुलै २०२३ मध्ये गोव्यातीलच नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. डोक्यावरचे आभाळ निरभ्र असले, तरी वर डोंगरात पाऊस पडला की ओढ्याचे पाणी काही मिनिटांत चढते.

चातुर्मासात प्रवास आवरता घ्यावा, ही आपल्याकडील जुनी शिस्त या ठिकाणी सुरक्षिततेचीही शिस्त ठरते. पावसाळ्यात या वाटेवर शेवाळ असते आणि जळवाही असतात. पायाला चिकटलेली जळू मीठ टाकून सोडवली तर तो जीव तडफडून मरतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर वाट बरीचशी कोरडी होते, जळवा कमी होतात, पाणी ओसरते; तरीही धबधब्याची धार तुटलेली नसते. जाण्यापूर्वी वाट खुली आहे की नाही, याची वनखात्याच्या मोले येथील कार्यालयाकडे चौकशी करावी आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा.

यानंतर वेळेचा हिशेब मांडावा. आठ जणांचे कुटुंब निघाले, तर गती सर्वांत मंद चालणाऱ्याची धरावी. आजी आणि सहा वर्षांचा नातू बरोबर असतील, तर एका तासाच्या जागी दीड तास लिहावा. सकाळी साडेआठला मंदिरापासून निघाल्यास दहापर्यंत पोहोचता येईल. तेथे एक तास आणि परतीला दीड तास धरला, म्हणजे साडेबारा वाजतात. त्यावर दीड तास राखीव ठेवावा. नोव्हेंबरअखेरीस येथे सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो; त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे भोजनही निवांत होते. ज्यांना चालणे झेपणार नाही त्यांनी घरातील एका कर्त्या माणसासह मंदिरापाशीच थांबावे. यात कमीपणा मुळीच नाही.

सामान बेताचेच असावे. घरून उकळून गार केलेले पाणी, ठेपले, खाखरे, नित्याची औषधे, जखमेची पट्टी आणि वापरून सैल झालेले, तळव्याला पकड असलेले बूट एवढे पुरे. नवे बूट या दिवशी प्रथमच घालू नयेत. रानात मोबाइलचा भरवसा धरू नये. कोठे जातो आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे. माकडांना खाऊ घालणे दया नव्हे, त्यांच्या सवयी बिघडवणे होय. आणलेला प्रत्येक कागद परत न्यावा.

हिशेबातील सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र परतीची असते. अकरा वाजता, धबधब्यापाशी असोत वा वाटेत, सर्वांची पावले मागे वळतील, असे घरीच ठरवावे आणि हा शब्द पाळवून घेण्याचे काम एका व्यक्तीकडे सोपवावे. ऐन वेळी मोह होतोच. एवढ्या लांब आलो, एवढा खर्च केला, आता थोडक्यासाठी का परतायचे? व्यापाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. पूर्वी गुंतलेली रक्कम वाचवण्यासाठी बुडत्या खात्यात आणखी रक्कम घालणारा दोन्ही गमावतो. ओढ्याचे पाणी गढूळ दिसू लागले, आजीचा श्वास फुलला किंवा घड्याळ पुढे गेले, तर धबधबा न पाहता परतणे हाच त्या दिवसाचा योग्य व्यवहार.

धबधबा काही वसूल करावयाचे येणे नव्हे. तो पुढच्या वर्षीही तेथेच असेल. निघालेले आठही जण सायंकाळी एका पंगतीला बसले, की त्या दिवसाचा ताळेबंद जुळला.