मागे राहिलेल्यांची सोबत

गावात कोणाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे माणसे धावून जातात. शेजारी भाकरी पाठवितात, भावकी अडलेली पेरणी उरकून देते. परंतु कर्त्या माणसाने आत्महत्या केली असेल, तर तीच माणसे दाराशी घुटमळतात. काय बोलावे हे सुचत नाही, म्हणून ती जात नाहीत. त्या घराला मात्र वाटते, की गावाने आपणांस वाळीत टाकले.

काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी मी चौकशीचा कागद घेऊन गेलो होतो. कर्ज किती, पीक कोणते, हे विचारले. मयताच्या पत्नीने सारी उत्तरे दिली आणि मग विचारले, “साहेब, त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं का?” या प्रश्नासाठी माझ्या कागदावर रकाना नव्हता.

हा प्रश्न अशा प्रत्येक घरात असतो. आत्महत्येमागे बहुधा एकच कारण नसते. नापिकी, कर्ज, आजार, व्यसन, मनाचे खचणे ही एकत्र येतात. म्हणून “तुमचा दोष नाही” हे कुटुंबास स्पष्ट व पुनःपुन्हा सांगावे. “असे का केले?” हे विचारू नये. मयताचे नाव घेऊन त्याच्या चांगल्या आठवणी निघू द्याव्यात. मुलांपासून सत्य लपवू नये. त्यांना समजेल अशा साध्या शब्दांत सांगावे.

तेराव्यानंतर येणारेजाणारे थांबतात. खरी सोबत तेथून पुढे लागते. पेरणी, पोळा, दिवाळी आणि वर्षश्राद्ध या वेळी आवर्जून जावे. याच दुःखातून गेलेल्या दुसऱ्या भगिनीची, उभयतांची इच्छा असल्यास, गाठ घालून द्यावी. ती दूरगावी असेल तर दूरध्वनीवरही बोलणे होऊ शकते. “माझेही असेच झाले होते” या शब्दांनी जो धीर येतो, तो आपल्या उपदेशाने येत नाही.

कागदपत्रांतही हात द्यावा. वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. २००६ च्या शासन निर्णयानुसार पात्र प्रकरणी १ लाख रुपये साहाय्य मिळते. प्रकरण अपात्र ठरल्यास तो निर्णय शेती, कर्ज व वसुलीचा तगादा या निकषांचा आहे, त्या माणसाच्या दुःखाचा नव्हे, हे कुटुंबास समजावून सांगावे.

घरातील कोणी अन्न सोडले, झोप गमावली किंवा मरणाची भाषा केली, तर “जीव द्यावासा वाटतो काय?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके हलवून कुलपात ठेवावीत आणि तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतून बोलता येते.

ग्रामसेवेत असलेल्या कार्यकर्त्यांनी अशा घरी दुसऱ्यांदा जाताना कागद घरीच ठेवावा. थोडा वेळ ओट्यावर बसावे. तेवढ्यानेही घराचे दार उघडे राहते.