रीलमधला धबधबा आणि आपली मुलं

पाऊस लागला की वस्तीतल्या मुलांच्या मोबाईलवर रील फिरू लागतात. वेल्ह्याचा मढे घाट, राजगड, तोरणा, भोरचा रायरेश्वर, वरंधा घाट. तीस सेकंदांचं गाणं आणि धबधब्याखाली हसणारी पोरं. रविवारी आपलीही मुलं एका गाडीवर तिघं बसून निघतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. आठवडाभर राबणाऱ्या मुलाला डोंगर बघावासा वाटला तर त्यात चूक काय? गड चढणं तब्येतीलाही चांगलंच. पण रील जे दाखवत नाही, ते घरात बोललं गेलं पाहिजे.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात चार मुलं होती. पुढच्याच महिन्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्याशी रील काढताना मुंबईची एक तरुणी दरीत पडून मरण पावली.

पाणी अचानक का वाढतं?

आपण उभे असतो तिथं ऊन असेल, पण वर डोंगरमाथ्यावर पाऊस पडत असतो. ते सगळं पाणी एकाच ओढ्यात उतरतं आणि काही मिनिटांत घोट्याएवढं पाणी गुडघ्यावर येतं. गुडघाभर पाण्यालाही ओढ असली तर धडधाकट माणसाचे पाय सुटतात. खडकावर शेवाळ असतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा येऊ लागला, आवाज वाढला, तर मोबाईल खिशात घालून लगेच काठावर चढायचं. भाटघरच्या जलाशयात धोका वेगळा. पाणी शांत दिसतं, पण काठाचा गाळ सरकतो आणि दोन पावलांवर खोल लागतं.

आपल्या बहुतेक मुलांना पोहता येत नाही. भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड येतं. तिथं १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्यावरचा आपला हक्क बजावला. पण पोहायला शिकवणारा तलाव वस्तीपर्यंत अजून आलेला नाही. तोवर खबरदारी आपणच घ्यायची.

कुणी बुडत असेल तर

१. मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही बुडतो. काठावर आडवं पडून काठी, दोरी, ओढणी पुढं करा. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका.

२. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका. दवाखान्यात काम करताना असं करून आणलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

३. हाक मारूनही उत्तर नाही, श्वास नाही, तर पाठीवर झोपवा. हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० वेळा दाबा, सेकंदाला साधारण दोनदा. पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

४. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

घाटात कुणी पडलं तर मान आणि पाठ हलवू नका, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

घाटात खूप ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. म्हणून निघताना कुठं जाणार, कुणासोबत आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगायचा नियमच करा. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. एखाद्या नर्सताईला किंवा आशाताईंना बोलवा आणि छाती दाबायचा सराव उशीवर करून बघा. पोरींनाही पुढं बसवा, त्याही आता गड चढतात.