स्टिमाच, चौबे आणि आपला छांगते

जून 2024 मधल्या एका शुक्रवारी रात्री पुण्याजवळच्या म्हाळुंगेच्या मेसमध्ये भाजी ताटात गार होत होती आणि चार टेबलांवर एकच विषय होता. भारतीय फुटबॉलचे हकालपट्टी झालेले कोच इगोर स्टिमाच यांनी ऑनलाइन पत्रकार परिषदेत महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांच्यावर तोफ डागली होती. चौबे जितक्या लवकर जातील तितकं भारतीय फुटबॉलचं भलं, असं ते थेट बोलले. चौबे म्हणजे ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे जुने गोलकीपर. केरळकडचा एक सुपरवायझर कोचच्या बाजूने भांडत होता. कोल्हापूरचा वेल्डर शांतपणे म्हणाला, “खरं बोलला ओ, पण पाच वर्षं गप का बसला?”

मला त्या वेल्डरचं पटतं. 2019 पासून संघ स्टिमाच यांच्या हाती होता. 2021 आणि 2023 मध्ये सॅफ करंडक जिंकला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण जानेवारी 2024 मध्ये आशिया चषकात तीन सामने, तीन पराभव आणि एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडूनही हरलो, तेही सुनील छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात. विश्वचषक पात्रता फेरीच्या तिसऱ्या टप्प्यात पोहोचलो नाही तर पद सोडेन, हे त्यांचेच शब्द. ते त्यांनी पाळले नाहीत. महासंघालाच त्यांना काढावं लागलं.

म्हणून चौबे सुटतात असं नाही. 2022 मध्ये भायचुंग भुतियाला 33 विरुद्ध 1 मतांनी हरवून ते अध्यक्ष झाले, तेव्हा ‘अखेर एक खेळाडू खुर्चीवर बसला’ म्हणून आपणच टाळ्या वाजवल्या. मैदानावर घाम गाळलेल्या माणसावर टीका करायची नाही, ही आपली जुनी खोड. मेसमध्येही कुणीतरी म्हणालंच, “परदेशी माणसानं आपल्या खेळाडूला बोलू नये.” का बोलू नये? स्टिमाचही 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे बचावपटू होते. दोघेही माजी खेळाडूच. चौबेंना जोखायचं ते अध्यक्ष म्हणून, गोलकीपर म्हणून नव्हे.

मला त्या रात्री सारखा आठवत होता तो कतारविरुद्धचा दोहाचा पात्रता सामना. 11 जून. सेकंड शिफ्टवाल्यांनी तो नंतर मोबाइलवर पाहिला. 37 व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने गोल केला. 73 व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना कतारच्या खेळाडूने तो आत ओढला आणि पंचांनी गोल दिला. 2-1 ने आपण हरलो आणि बाहेर पडलो. तो अन्याय होताच.

पण छांगते कुठे खेळून तयार झाला? मिझोरामचा हा पोरगा डीएसके शिवाजियन्सकडून खेळला तो इथे, बालेवाडीला. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर. तो क्लब आता नाही. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता, तोही नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात संपला. एफसी पुणे सिटी 2018 मध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीत पोहोचला, आणि 2019 मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. ज्या महिंद्राच्या गाड्या चाकणला तयार होतात, त्यांचा महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीग जिंकला होता. 2010 मध्ये तोही बंद झाला. पुढे पुणे एफसीला उपविजेतेपद मिळवून दिलं ते याच परेरांनी. माणसं होती, मैदान होतं, पैसाही या पट्ट्यात कमी नाही.

हे क्लब चौबेंच्या काळातल्या कारभाऱ्यांनी बंद केले नाहीत. ते त्यांच्या आधीच संपले होते. पण अध्यक्ष झाल्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांतला एकही परत उभा राहावा म्हणून काय केलं, हे चौबेंना विचारायलाच हवं. आणि स्टिमाच यांना विचारावं की, खेळाडू जिथून येतात ती मैदानं पाच वर्षांत त्यांनी किती पाहिली. त्या वेल्डरला मैदानांचं मोल माहीत आहे, कारण कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरवतात. इथे तो शनिवारी कंपनीच्या मैदानावर खेळतो आणि रात्री मोबाइलवर इंग्लंडची लीग बघतो, कारण 2023-24 च्या हंगामात आयएसएलमध्ये पुण्याचा संघ नव्हता आणि आय-लीगमध्येही नव्हता.