भार पुढे, अर्थ मागे

डच भाषेत दोन नामं जोडली की ती सहसा सलग लिहितात, मध्ये फट ठेवत नाहीत. 'टांड' म्हणजे दात, 'आर्ट्स' म्हणजे डॉक्टर; दोन्ही मिळून दंतवैद्य. उच्चार मात्र 'टांटार्ट्स' असा होतो. शब्दाच्या शेवटी आलेला 'ड' डचमध्ये कठोर होऊन 'ट' बनतो, आणि समासात शिरल्यावरही पहिलं पद आपला शेवट विसरत नाही. म्हणून ओळ संपताना शब्द तोडायचा झाला तर तो 'टांड-आर्ट्स' असाच तोडतात.

खरी गंमत कानाला कळते. 'बॉम-मेल्डिंग' म्हणजे बॉम्बची खबर. पण शब्द सलग लिहिल्यावर मध्ये दोन 'म' शेजारी येतात, आणि डच लेखनात जोड व्यंजन ही आधीचा स्वर ऱ्हस्व असल्याची खूण असते. त्यामुळे डोळा सहज 'बॉमल-डिंग' वाचतो: बॉमलची वस्तू! मार्टेन टोंडरच्या चित्रकथांतलं अस्वल बॉमल नेदरलँड्समध्ये घरोघरी ठाऊक आहे. मुख्य आघात दोन्ही वाचनांत 'बॉम'वरच. फरक पडतो तो दुय्यम आघाताने: खबरीत 'मेल' ठसठशीत ऐकू येतं, वस्तूत ते पुसट होऊन जोर 'डिंग'कडे जातो.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. एकच अक्षरमालिका 'मासा-गेबेड' अशी तोडली तर सामूहिक प्रार्थना, 'मासाज-बेड' अशी तोडली तर मालिशचा पलंग. प्रार्थनेत जोर पहिल्या 'मा'वर आणि मधलं अक्षर घशातून घासत येणाऱ्या 'ख'सारखं. पलंगात जोर 'सा'वर आणि तेच अक्षर फ्रेंच वळणाचं 'झ'. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतच नाही, अडखळतो तो वाचणारा. अशा ठिकाणी मध्ये जोडरेघ टाकायला डच लेखननियमांची मुभा आहे, आणि ती वापरावी हेच बरं.

नियम तसा सोपा: मुख्य भार पहिल्या पदावर, अर्थ आणि लिंग शेवटच्या पदाकडे. 'स्वयंपाकघर' हे शेवटी 'घर'च, म्हणून आपणही 'ते' म्हणतो, तसंच हे. अपवादही रोजच्या वापरातले आहेत. हिवाळ्यात बटाट्याबरोबर कुस्करून खातात ती केल भाजी, 'बूरनकोल', हिचा भार शेवटच्या 'कोल'वर असतो. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या मराठी माणसाला नोंदणीसाठी बहुधा ज्या इमारतीत जावं लागतं, त्या 'स्टाटहाउस'चा भारही 'हाउस'वरच.